चौदाशे चाळीस

गिरणीवाल्याच्या मोटरीवर एक पत्र्याची पाटी रिव्हेट मारून बसवलेली असते. पिठाचा थर बोटाने पुसला की अक्षरं दिसू लागतात: कंपनीचं नाव, एचपी, व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि शेवटी आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे. तिथे बहुधा १४४० असतं, कधी १४३०, कधी १४६०. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपावर पाहिलं तर आकडा २८८०च्या आसपास. मोटर नगरची असो की कोइमतूरची, आकडे याच घरातले. १५०० किंवा ३००० असा गोल आकडा या मोटरींच्या पाटीवर सापडत नाही.

१५००मधले हे वरचे साठ फेरे कुठे गेले? बेअरिंगच्या घर्षणात गेले, असं उत्तर पुष्कळदा मिळतं, अगदी रोज मोटरी उघडणाऱ्या माणसांकडूनही. घर्षणाचा वाटा असतो, पण नखाएवढा. ते साठ फेरे मोटर सोडते म्हणूनच जातं फिरतं. ती १५००ला पोचली तर त्याच क्षणी तिच्यातला जोर संपेल. हे विधान विचित्र वाटेल, म्हणून आधी जरा लांबून यावं लागेल.

१८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेडला दिसलं, की तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेतून चुंबकत्व मिळतं. मग चुंबकातून वीज का मिळू नये, हा पुढचा प्रश्न युरोपातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला पडला आणि पुढची अकरा वर्षं तो कुणालाही सुटला नाही. लोक तारेच्या वेटोळ्याजवळ दणकट चुंबक ठेवत, तार मोजयंत्राला जोडत आणि वाट पाहत. सुई ढिम्म. मग आणखी दणकट चुंबक आणत. सुई तरीही ढिम्म. खुद्द मायकेल फॅरडेनेही १८२५ साली अशी खटपट करून हात टेकले होते.

याच १८२५मधली जिनिव्हाच्या कोलाडोनची गोष्ट मला सगळ्यात चटका लावणारी वाटते. त्याच्याकडे वेटोळं होतं, जबरदस्त चुंबक होता, नाजूक मोजयंत्रही होतं. चुंबकाचा परिणाम थेट मोजयंत्राच्या सुईवर होऊ नये म्हणून या काळजीखोर माणसाने लांब तारा ओढून ते यंत्र पलीकडच्या खोलीत ठेवलं. चुंबक वेटोळ्यात घालायचा आणि चालत पलीकडे जाऊन सुई पाहायची. तो पोचेपर्यंत सुई हलून परत जागेवर आलेली असायची. वीज निर्माण झाली होती, पण ती पाहायला खोलीत कुणी नव्हतं. मदतीला एखादा पोऱ्या असता, तर आज शाळेत फॅरडेऐवजी कोलाडोनचा नियम शिकवला गेला असता.

फॅरडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञानाकडे वळला. हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकून त्याने टिपणं काढली, ती स्वतः बांधून डेव्हीला पाठवली आणि त्या जोरावर १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून चिकटला. गणित त्याला जवळपास येत नव्हतं. हाताने काम करण्यात आणि डोळ्यांनी पाहण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने मऊ लोखंडाचं एक कडं घेतलं. बाहेरचा व्यास सहा इंच, जाडी एक इंचाला जरा कमी. त्याच्या एका बाजूला तांब्याची तार गुंडाळली, समोरच्या बाजूला दुसरी. तेव्हा एनॅमल चढवलेली तार बाजारात मिळत नव्हती, म्हणून दोन वळशांमध्ये सुतळी आणि दोन थरांमध्ये कापड घालून त्याने ही वेटोळी हाताने बसवली. आपल्याकडच्या रिवाइंडिंगवाल्यांना हा माणूस आपला पहिला मिस्त्री वाटायला हरकत नाही. एका वेटोळ्याला त्याने बॅटरी जोडली. दुसऱ्याची तार तीन फुटांवर नेऊन एका चुंबकसुईवरून फिरवली.

बॅटरी जोडताच सुई हलली, थोडी झुलली आणि परत मूळ जागी येऊन थांबली. बॅटरी चालूच होती, पहिल्या वेटोळ्यातून वीज वाहतच होती, पण सुई स्वस्थ. बॅटरी काढली, तशी सुई पुन्हा हलली. अकरा वर्षं सगळे जे शोधत होते ते जोडण्याच्या आणि काढण्याच्या त्या दोन निमिषांत होतं. मधल्या सगळ्या वेळात, वीज भरभरून वाहत असतानाही, काही मिळत नव्हतं.

मग त्याने झपाटाच लावला. १७ ऑक्टोबरला तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबकाची कांडी खुपसली, सुई हलली. कांडी आत तशीच ठेवली, सुई थांबली. बाहेर ओढली, सुई उलट्या बाजूला गेली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि ती फिरत राहिली तोवर वीज सलग मिळत राहिली. जगातलं पहिलं जनित्र ते. २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला. तिकडे अमेरिकेत ऑल्बनीच्या जोसेफ हेन्रीलाही स्वतंत्रपणे हेच सापडलं होतं, पण त्याने छापायला उशीर केला आणि श्रेय गेलं.

फॅरडेला जे दिसलं ते असं मांडता येईल. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलतं तितका विजेचा दाब जास्त. वळसे दुप्पट केले तर दाबही दुप्पट. क्षेत्र कितीही प्रचंड असो, ते स्थिर असेल तर दाब शून्य. त्याचं गणित पुढे मॅक्सवेलने केलं. पण चुंबकाभोवतीच्या मोकळ्या जागेत काहीतरी पसरलेलं असतं आणि तेच बदलत असतं, हे लोखंडाच्या किसावर उमटलेल्या रेघा पाहून या बिनगणिती माणसाने आधीच ओळखलं होतं.

एक मोठा प्रश्न उरलाच. चुंबक हलवला की वीज मिळते, हे खरं. मग ती फुकट मिळते का?

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना याचं उत्तर पायांनी ठाऊक आहे. सायकलला बाटलीच्या आकाराचा डायनॅमो असायचा. रात्री बिनदिव्याची सायकल पोलिसाने धरू नये म्हणून तो टायरला टेकवावा लागे आणि टेकवला की पॅडल जड व्हायचं. चाकावरच्या घासण्यामुळे जड होतं, असं आपण समजायचो. ते काही अंशी खरं होतं, पण दिवा लागल्यावर वीज वाहू लागली की आतला चुंबक मुळातच फिरायला कुरकुरतो. १८३४ साली सेंट पीटर्सबर्गच्या हाइनरिख लेन्झने नियम सांगितला, की अशी जन्मलेली वीज आपल्या जन्माला कारण झालेल्या बदलालाच विरोध करते. चुंबक आत ढकलला तर ती त्याला बाहेर रेटते, बाहेर ओढला तर आत खेचते. हा विरोध मोडून काढायला जे बळ खर्ची पडतं, तेच दिव्यातून उजेड होऊन बाहेर येतं.

कोयनेला नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. ही नदी स्वभावाने कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळणारी, म्हणजे पूर्ववाहिनी. देशमुखवाडीजवळ धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं आणि चिपळूणच्या बाजूला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चारशे मीटरहून अधिक उंचीवरून सोडलं. १९६२पासून तिथली जनित्रं फिरताहेत. पुढचे टप्पे धरून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉटवर गेली. टर्बाइनच्या चाकावरच्या पेल्यांवर पाण्याचा झोत आदळतो, चाक फिरतं, त्याच दांड्यावरचा चुंबक फिरतो आणि भोवतीच्या तांब्यात वीज उठते.

संध्याकाळी सात वाजता घराघरांतले दिवे, पंखे, मिक्सर चालू झाले की लेन्झचा नियम पोफळीत जाणवतो. जास्त वीज ओढली गेली की फिरणाऱ्या चुंबकाला होणारा विरोध वाढतो आणि यंत्रं किंचित मंदावतात. देशभरचं जाळं एकच असल्याने हे मंदावणं सगळीकडे एकदम दिसतं. ५० हर्ट्झचा काटा ४९.९च्या खाली घसरू लागतो. मग झोताची तोंडं थोडी जास्त उघडतात आणि जास्त पाणी जातं. औष्णिक केंद्राला जोर वाढवायला वेळ लागतो, कोयनेचं पाणी मिनिटांत हजर होतं. म्हणून संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी सगळे कोयनेकडे पाहतात. आपण बटण दाबलं की सह्याद्रीतून थोडं जास्त पाणी खाली पडतं, हे अक्षरशः खरं आहे.

बळ कुणीतरी लावावंच लागतं म्हटल्यावर ते कुठून आणायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात फार लवकर पेटला. मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवलं आणि १९१५ साली तिथून वीज मुंबईला निघाली. मग भिवपुरी आणि मग भिरा. भिऱ्याच्या वीजगृहाला पाणी हवं म्हणून मुळशीला धरण ठरलं आणि मावळ्यांची भातखाचरं, घरं, देवळं बुडणार हे दिसू लागलं. १९२१च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट आणि शेकडो शेतकरी, बायका तुरुंगात गेले. बापटांना सेनापती ही पदवी या लढ्याने दिली. धरण झालंच. भिऱ्याची यंत्रं १९२७ साली फिरू लागली. कोयनेच्या विस्थापितांचं पुनर्वसन अर्धशतक उलटून गेल्यावरही आंदोलनाचा विषय राहिलं. पाण्याची उंची विकत घेताना तिथे राहणाऱ्यांचा हिशेब आपण नीट मांडला नाही, असं माझं मत आहे. विजेच्या बिलात तो रकाना कधी नव्हताच.

तर वीज तयार झाली. ती खोपोलीहून मुंबईला किंवा पोफळीहून लातूरला न्यायची, तर दाब चढवून न्यावी लागते, नाहीतर तारा तापण्यातच निम्मी संपेल. दाब चढवायचा आणि उतरवायचा म्हणजे पुन्हा फॅरडेचं कडं. एका लोखंडावर दोन वेटोळी, एकात बदलती वीज, दुसऱ्यात उठलेली वीज, वळशांच्या प्रमाणात दाब कमी-जास्त. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तिघा इंजिनियरांनी १८८५ साली त्याला आजचं रूप दिलं. वर्तमानपत्रं त्याला रोहित्र म्हणतात, गावात सगळे डीपी म्हणतात. बॅटरीची एकाच दिशेची स्थिर वीज डीपीत सोडली तर पलीकडे काहीही निघत नाही, जसं फॅरडेला त्या मधल्या वेळात मिळालं नव्हतं. म्हणून जगभर दिशा बदलणारी वीज आली. आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणजे ५० हर्ट्झ.

आता गिरणीकडे वळू.

मोटरीच्या बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन फेजांची तीन वेटोळी अंतर राखून बसवलेली असतात. तीन फेजांची वीज एकदम शिगेला पोचत नाही. आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी, मग परत पहिली. त्यामुळे आत चुंबकीय क्षेत्र गरगर फिरू लागतं. काहीही हलत नाही, लोखंड जागच्या जागी, तांबं जागच्या जागी, आणि तरी त्यांनी उभा केलेला चुंबक फिरत असतो. तुरिनच्या गॅलिलिओ फेरारीसला ही कल्पना १८८५ साली सुचली, निकोला टेस्लाला स्वतंत्रपणे सुचली आणि १८८८च्या वसंतात दोघांचंही काम जगापुढे आलं. फेरारीसने हिशेब केला, की अशी मोटर पन्नास टक्क्यांवर कार्यक्षम होऊच शकत नाही, आणि नाद सोडला. टेस्लाने पेटंट घेतलं. आज पाच एचपीची चांगली मोटर ८५ टक्क्यांच्या पुढे असते.

हे फिरतं क्षेत्र चार ध्रुवांच्या मोटरीत मिनिटाला बरोबर १५०० फेरे घेतं आणि दोन ध्रुवांच्या मोटरीत ३०००. त्यात वेग कमी-जास्त होत नाही, तो ५० हर्ट्झला बांधलेला असतो. आतल्या रोटरला बाहेरून एकही तार गेलेली नसते. खाचांमध्ये ॲल्युमिनियमचे दांडे आणि दोन्ही टोकांना त्यांना जोडणारी कडी, बस्स. क्षेत्र त्या दांड्यांवरून सरकतं, दांड्यांच्या दृष्टीने ते बदलतं, म्हणून दांड्यांत वीज उठते. ही वीज लेन्झच्या हुकमाप्रमाणे बदल कमी करायला धडपडते. बदल कमी करायचा एकच मार्ग असतो, क्षेत्राच्या मागोमाग पळायचं. रोटर पळतो.

समजा त्याने क्षेत्राला गाठलं, तोही १५००, तेही १५००. मग दांड्यांना क्षेत्र स्थिर दिसेल. बदल नाही, वीज नाही, जोर नाही. दगडाचं वजन त्याला लगेच मागे ओढेल. मागे पडला की पुन्हा बदल, पुन्हा वीज, पुन्हा जोर. या ओढाताणीत तो जिथे स्थिरावतो तो आकडा म्हणजे १४४०. ज्वारीऐवजी हरभरा दळायला टाकला तर आणखी दोनचार फेरे कमी होतील आणि त्याबरोबर जोर आपोआप वाढेल. कुणी काही फिरवायचं, दाबायचं नाही. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात आणि पाटीवरची ती साठाची तूट म्हणजेच स्लिप. त्या वेळी रोटरच्या दांड्यांमधली वीज सेकंदाला पन्नास नव्हे, दोनच आवर्तनं करत असते.

या मोटरीला बाहेरून ढकलून १५००च्या पुढे नेलं तर ती वीज खायची सोडून वीज ओकू लागते, फक्त तिला चालू जाळं जोडलेलं हवं. कोयनेच्या वर, वनकुसवड्याच्या पठारावरच्यासारख्या पवनचक्क्यांतल्या अनेकींत याच जातीचं जनित्र वापरलं गेलं. सौर पॅनेल तेवढं फॅरडेचं देणं लागत नाही, तिथे उजेडच सरळ विजेत उतरतो.

हे सगळं कळलं की शेतातल्या कितीतरी तक्रारींचा उलगडा होतो. मोटर सुरू होते त्या क्षणी रोटर उभा असतो, म्हणजे स्लिप शंभर टक्के. बदल जास्तीत जास्त, म्हणून वीजही जास्तीत जास्त, नेहमीच्या सहा-सात पट. पाच एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना पंचेचाळीसच्या घरात. एकटी मोटर असेल तर काही सेकंदांचा खेळ.

पण आपल्याकडे थ्री फेज लाइट वेळापत्रकाप्रमाणे येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने विहिरीवर कोण जाणार? म्हणून शेतकऱ्याने स्टार्टरला ऑटो स्विच बसवला. लाइट आली की मोटर आपली आपण चालू. त्याला दोष देणं मला जमत नाही, रात्री पाणी द्यायची वेळ त्याने निवडलेली नाही. पण हिशेब करून पाहा. १०० केव्हीएच्या डीपीची झेप सुमारे १३३ अँपिअर. त्यावर पाच एचपीच्या पंधरा मोटरी असतील तर चालू स्थितीत ११२ अँपिअर, म्हणजे निभावतं. लाइट येताच पंधराही एकदम सुटल्या तर पावणेसातशे. दाब धाडकन खाली येतो. मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाने घटतो, ४१५चे ३०० झाले की जोर निम्म्यावर. अर्ध्या जोराने पंप वेग घेईनात, वेग नाही म्हणून स्लिप मोठी, स्लिप मोठी म्हणून अँपिअर चढलेलेच. सहापट वीज म्हणजे छत्तीसपट उष्णता. मग डीओ फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते, आणि ऐन गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या पाळीत पंधरा शेतं नवीन डीपीची वाट पाहत बसतात.

जळालेल्या मोटरी तालुक्याच्या बाजारपेठेतल्या रिवाइंडिंगच्या दुकानात येऊन पडतात. मुरलेला मिस्त्री झाकण काढून नुसतं पाहतो आणि निदान सांगतो. सगळी वेटोळी सारखीच काळी पडली असतील तर व्होल्टेज कमी होतं किंवा भार जास्त होता. ठरावीक अंतराने काही वेटोळी कोळसा आणि काही तांबूस-चकचकीत असतील तर एक फेज गेला होता. स्टार जोडणीत दोन तृतीयांश वेटोळी जळतात, डेल्टात एक तृतीयांश. फेज गेला की क्षेत्र फिरायचं थांबतं, जागच्या जागी मागेपुढे धडधडतं. उभी मोटर मग सुरू होत नाही, नुसती हुं हुं करत वीज ओढत राहते. आधीपासून फिरत असेल तर उरलेल्या दोन फेजांवर सगळं ओझं घेऊन फिरते आणि आतून भाजते.

मिस्त्री जुनी तार काढतो, वळसे मोजतो, गेज पाहतो, खाचांत लेदरॉइड कागद घालतो आणि नवी तार भरतो. वळसे कमी भरले तर मोटर जास्त वीज ओढून पुन्हा जळते, म्हणून मोजण्यात चूक चालत नाही. काही ठिकाणी घाईने स्टेटर आगीत टाकून जुनी तार मोकळी करतात. ते टाळायला हवं. स्टेटरचं लोखंड अखंड नसून पातळ पत्र्यांची चळत असते आणि प्रत्येक पत्र्यावर रोधक लेप असतो, कारण बदलतं क्षेत्र तांब्याबरोबर लोखंडातही वीज उठवतं आणि ती भोवऱ्यांसारखी फिरते. इंडक्शनच्या शेगडीवर याच भोवऱ्यांनी पातेल्याचा तळ तापतो. मोटरीत तेच नुकसान. आगीत लेप जळाला की भोवरे मोकाट सुटतात आणि नवं वायंडिंग घातलेली मोटर पहिल्या दिवसापासून गरम राहते.

तेव्हा शेतात मोटर असलेल्या वाचकांना थोडं सांगणं आहे. ऑटो स्विच काढा, आणि अगदीच काढवत नसेल तर टायमर लावून शेजाऱ्यांनी आपापसांत एकेक मिनिटाचं अंतर ठरवून घ्या. पाच एचपीच्या मोटरीला साधारण दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावा, त्याने क्षेत्र उभं करायला लागणारी वीज लांबून आणावी लागत नाही आणि डीपीवरचा भार हलका होतो. स्टार्टरमधलं सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं साधन, मिस्त्रीकडून बायपास करून घेऊ नका. मोटर फिरत नसेल आणि नुसती हुं हुं करत असेल तर दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी तिन्ही फेज आहेत का ते वायरमनकडून पाहून घ्या.